तपासनिसांची नवी गोळी

सोसायटीच्या अध्यक्षांना घेऊन वर निघालेली लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्येच थांबली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून, दोर ज्या भोकांतून खाली येतात त्या भोकांतून, तपासनिसांचा आवाज आला.

“घाबरू नका! परीक्षा ब्रेकची आहे, तुमची नाही!”

“कोण आहे वर?” अध्यक्ष ओरडले.

“मीच! तुमचं वजन किती हो?”

“काय?”

“वजन, वजन! नव्वदच्या पुढे असेल ना? झकास! जन्मभर वाळूच्या पोत्यांवर भागवलं बघा. पण पोत्याला माणसाची सर नाही. पोतं ओरडत नाही, त्यामुळे त्याला कसं वाटतंय ते कळत नाही!”

तपासनिसांची बायको, सगळ्या इमारतीच्या वहिनी, चौथ्या मजल्यावर आपल्याच दारासमोर उभ्या होत्या. दुकानातून जेवायला म्हणून निघालेल्या त्या, लिफ्ट येईना तेव्हा जिन्याने वर आल्या होत्या आणि अजून धापा टाकत होत्या. लिफ्टच्या दाराला एक अरुंद उभी काच होती. तिच्यातून, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, अध्यक्षांचे पॉलिश केलेले बूट दिसत होते. बाकीचे अध्यक्ष वर होते. समोर दुसरं काहीच नसल्यामुळे वहिनी बुटांशी बोलल्या.

“भाऊ, कुठं लागलं-बिगलं नाही ना?”

बूट गर्रकन वळले. “वहिनी! आधी त्यांना खाली बोलवा!”

“अहो,” वहिनींनी मान वर करून हाक मारली, “खाली या बघू!”

“कोण, अध्यक्ष? आणतो की! आधी जरा वर, मग खाली. माणसानं आयुष्यात दोन्ही बघावं!”

वहिनींनी हातातलं चष्मे पुसायचं फडकं तोंडावर दाबून धरलं. तरी हसू सुटलंच. फार मोठं नव्हतं, पण लिफ्टच्या विहिरीत आवाज घुमतो. बूट एकदम जुळून उभे राहिले.

“वहिनी,” बूट म्हणाले, “तुम्ही हसताय?”

तपासनिसांना ओळखणाऱ्या कुणालाही हे सांगून पटलं नसतं. शहरातल्या लिफ्ट तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर इमारतीने मशीनच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे दिली, ती त्यांच्याइतका भरवशाचा माणूस चारही दिशांना सापडला नसता म्हणूनच. बोलणं हा त्यांच्या लेखी भार होता, आणि भार जितका कमी तितकं यंत्र टिकतं. दोन वाक्यांच्या जागी ते एक वापरत आणि एकाच्या जागी मान हलवत. लग्नाच्या फोटोत ते नवरीकडे बघत नाहीत, कॅमेऱ्याकडेही बघत नाहीत. फोटोग्राफर ज्या डुगडुगत्या स्टुलावर चढला होता, त्याच्या पायांकडे बघताहेत.

लग्न झाल्यावर सुरुवातीला वहिनींना वाटायचं, आपलंच काही चुकलं असेल. मग लक्षात आलं की हे सगळ्यांशीच मिठाची गुळणी धरून असतात. तेव्हा त्यांनी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. भिंग बदललं की ‘आता बरं दिसतंय’ एवढं तरी गिऱ्हाईक म्हणतंच.

दोन वर्षांपूर्वी तपासनिसांचा उजवा हात थरथरायला लागला. पाऊल उचलायला वेळ लागू लागला, चेहरा आधीच स्थिर होता तो आणखी स्थिर झाला, पण ते कुणाला फारसं जाणवलं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं सुरू केली, आणि गेल्या हिवाळ्यात एक नवी गोळी वाढवली. थरथर कमी झाली. पाऊल सुटलं. आणि एका सकाळी चहा पिता पिता तपासनीस एकाएकी खो खो हसायला लागले.

“काय झालं?” वहिनी घाबरून स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“काही नाही. आत्ता कळलं.”

“काय कळलं?”

“आपल्या लग्नात तुझ्या भावानं तो विनोद केला होता ना? तो!”

त्यानंतर धरणाचं दार उघडावं तसं झालं. ते शीळ घालायला शिकले. दुपारी चष्म्याच्या दुकानात येऊन बाकावर बसायला लागले, आणि गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचत असलं की हळूच शेवटची ओळ सांगायला लागले. दुकानाचे मालक आधी वैतागले. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचा चष्मा अजून नीट आहे अशी माणसंही ‘जरा तपासून घेऊ’ म्हणत येताहेत.

पुढे त्यांनी इमारतीतल्या घरांच्या दारांवरच्या घंटा काढल्या. सगळ्या घरांची घंटा एकाच आवाजात का वाजावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. सकाळी बसले की दुपार होईपर्यंत जेवणाचं भान नसे. एका घराची घंटा बदकासारखी वाजू लागली, एका घराची खोकल्यासारखी. अध्यक्षांच्या घंटेतून स्पष्ट शिंक यायची. दार उघडणारा माणूस पहिलं वाक्य ‘सर्दी झाली का?’ हे ऐकायचा.

आणि सुट्टीच्या दिवशी ते वहिनींना घेऊन उंच इमारतींच्या लिफ्टमधून फिरायला जाऊ लागले. सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं, खिडकीतून शहर बघायचं, खाली यायचं. जाता-येता ते गोष्टी सांगत. अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढेपर्यंत एकमेकांवर खटला भरायचं ठरवून बसलेले चार वकील. पियानो घेऊन अडकलेला आणि सुटका होईपर्यंत वाजवत राहिलेला हमाल. वहिनी ऐकत राहायच्या. इतकी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी घरी येऊन बूट काढत होता, आणि हे सगळं बुटांसारखंच दाराबाहेर ठेवून आत येत होता. एकदा तर एका एकोणिसाव्या मजल्यावर त्यांनी विचारलं, “तू कंटाळली असशील ना माझ्याबरोबर?” आणि असा प्रश्न कधी येईल याची वहिनींनी तयारीच केली नव्हती.

लिफ्टच्या त्या प्रकारानंतर अध्यक्षांनी तक्रार केली ती थेट लेकीकडे, फोनवर. “तुमच्या वडिलांनी,” ते म्हणाले, “माझं वजन केलं. हवेत.”

लेक दुसऱ्या शहरात एका संशोधन संस्थेत होती. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप करायचे, ते जिवंत ठेवायचे, त्यांना विजेचे बारीक झटके द्यायचे आणि पेशींमधले सांधे घट्ट होतात की सैल पडतात ते बघायचं, हे तिचं काम. कुणी विचारलं तर तपासनीस ‘आमच्यासारखंच’ एवढंच सांगत असत. ती शनिवारी आली. दारावरची घंटा दाबली, आतून घोडा खिंकाळला, आणि ती दोन पावलं मागे जाऊन पाटी वाचून आली.

जेवणं झाल्यावर तपासनीस शीळ घालत गॅलरीत गेले. मायलेकी ओट्याशी उभ्या राहिल्या.

“आई, हे त्या नव्या गोळीचं आहे.”

“माहीत आहे मला.”

लेक थबकली. “माहीत आहे? मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, झोप कशी आहे. मी म्हटलं, छान आहे.”

“आई!”

“झोप छानच आहे.”

लेकीने ओल्या हातांनीच कपाळाला हात लावला. “हे बघ, इथं, कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग असतो. काय करायचं, काय टाळायचं, कुठं थांबायचं, ते तो बघतो. तिथल्या पेशींमधले सांधे घट्ट झाले की माणूस शिकतो. पण नुसत्या वापरानं ते होत नाहीत. मी कापाला झटका देते ना, तोच झटका, तितकाच. जवळ डोपामिन नावाचं रसायन असेल तर सांधा घट्ट होतो. नसेल तर ढिम्म राहतो, कधी उलट सैल पडतो. ‘हे लक्षात ठेव’ असं सांगणारं कुणीतरी लागतं, ते काम डोपामिन करतं. आणि बाबांची गोळी म्हणजे त्याचाच बदली कामगार.”

“मग चांगलंच की.”

“बेतानं असेल तर. कमी पडलं तरी शिकणं होत नाही, आणि जास्त झालं तरी होत नाही. जास्त झालं की जे सुचेल ते महत्त्वाचं वाटायला लागतं. पुरे म्हणणारं कुणी उरत नाही.”

वहिनींनी पातेलं पुसून पालथं घातलं. “म्हणजे नंबराचं आहे. कमी दिला तरी धूसर, जास्त दिला तरी धूसर.”

“हो. अगदी तसंच.”

“आणि बाबांना जास्त झालाय.”

“हो.”

“मग इतकी वर्षं कमी होता, ते कसं कुणी नाही सांगितलं?”

लेक समजुतीच्या सुरात म्हणाली, “आई, हा त्यांचा स्वभाव नाही. औषधाचा परिणाम आहे.”

“आधीचा तरी कशाचा तरी परिणामच असेल ना गं.”

गॅलरीतली शीळ कधी थांबली ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

सोमवारी तिघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होत्या, बोलताना निम्मं लक्ष पडद्याकडे ठेवायच्या.

“नवीन काही जाणवलं? उधळपट्टी, जुगार, कसला नाद लागलाय?”

“नाद म्हणजे,” वहिनी घाईघाईने म्हणाल्या, “घंटा बसवल्यात त्यांनी. पण तो नाद वेगळा.”

डॉक्टर हसल्या. लेकीने छताकडे बघितलं. वहिनींना वाटलं, निभावलं.

“मी बोलू?” तपासनीस म्हणाले.

ते खुर्चीत ताठ बसले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले होते. गेले काही महिने ते कुठंही असे बसले नव्हते.

“परवा मी आत माणूस असताना ब्रेक तपासला,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच दिवशी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली असती मी. करताना मला काहीच चूक वाटलं नाही. मजा वाटली. अजूनही आठवलं की वाटते.” त्यांना हसू येऊ लागलं, ते त्यांनी आवरलं. “ब्रेक लागला, पण तो मशीनचा. माझा लागला नाही. गोळी कमी करा.”

डॉक्टरांनी आता पडद्याकडे पाठ फिरवली आणि सविस्तर विचारायला सुरुवात केली. तपासनिसांनी सगळं सांगितलं, विनोदांसकट. वहिनी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बसल्या. चित्रात कपाळामागचा भाग पिवळ्या रंगाने दाखवला होता. एवढ्याशा पिवळ्यात इतकं सगळं मावतं, याचा त्यांना राग आला.

घरी येताना लेक पुढे चालत होती. वहिनी मागे रेंगाळल्या.

“मला विचारायचं तरी होतं.”

“तू नको म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते.”

“म्हणून,” तपासनीस म्हणाले. मग बऱ्याच अंतरावर, रस्ता ओलांडून झाल्यावर, पुन्हा म्हणाले, “अध्यक्षांना काही झालं असतं तर?”

गोळी एकदम थांबवायची नव्हती. टप्प्याटप्प्याने कमी करायची होती, आणि तसं बोलणंही टप्प्याटप्प्यानेच ओसरलं. आधी शीळ गेली. मग दुकानात येणं गेलं. गिऱ्हाईकं ‘आज साहेब नाहीत का?’ विचारत आणि रिकाम्या बाकाकडे बघत तक्ता वाचत. उजव्या हाताची थरथर थोडी परत आली. तपासनिसांनी किल्ली अध्यक्षांच्या हातात नेऊन दिली, माफी मागितली आणि सगळ्यांच्या घंटा पूर्ववत करायला घेतल्या. अध्यक्षांच्या दारात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे राहिले, तर अध्यक्ष म्हणाले, “आमची राहू द्या. बायको म्हणते, पाहुणे कमी येतात.”

घरात पुन्हा शांतता आली. तिची वहिनींना सवय असायला हवी होती, पण आता ती कानाला टोचायची. त्या जेवताना दुकानातलं काहीबाही सांगायच्या. तपासनीस ऐकून मान हलवायचे. कधी मान हलवायची तेही नीट ठरवून हलवायचे. एकदा वहिनींनी मुद्दामच, भाजीत मीठ घालायचं राहून गेलंय हे सांगितलं नाही. तपासनिसांनी पानातलं सगळं संपवलं, हात धुतला, आणि मीठ आणून टेबलावर ठेवलं, वहिनींसाठी. त्या दिवशी वहिनींना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्हीचं कारण एकच होतं.

लेकीने दोघांना संस्था बघायला बोलावलं. खरं तर ती दर वर्षीच बोलवायची. या वर्षी वहिनींनी लगेच हो म्हटलं.

प्रयोगशाळा नवव्या मजल्यावर होती. अंधारी, गार, आणि पंपाच्या बारीक घरघरीने भरलेली. काचेच्या बशीत नखाएवढा एक फिकट तुकडा पाण्यात पडला होता आणि त्याला केसांसारख्या दोन तारा टेकवलेल्या होत्या. पडद्यावर ठिपके उमटत होते.

“हे आधीचं,” लेक म्हणाली. ठिपके आडव्या रेषेत होते. “इथं डोपामिन सोडलं आणि झटके दिले.” ठिपके वर चढले. “आणि इथं पाणी बदलून ते धुऊन टाकलं.”

वहिनींनी चष्मा सारखा केला. धुतल्यानंतरचे ठिपके वरच होते.

“धुतल्यावर खाली नाही आले?”

“नाही ना. तेच तर. सांधा एकदा घट्ट झाला की तो त्याच्या जिवावर टिकतो.”

“सगळे?” तपासनिसांनी विचारलं. आल्यापासूनचा हा त्यांचा पहिलाच शब्द होता.

“सगळे नाही. काही टिकतात, काही ओसरतात. कुठले टिकणार ते आधी कळत नाही.”

“किती वेळ?”

“इथं काही तास. काप त्याहून जास्त जगत नाही. जिवंत माणसात किती, ते मला विचारू नका बाबा, मला माहीत नाही.”

तपासनिसांनी मान हलवली. असं स्पष्ट उत्तर देणारी माणसं त्यांना आवडत.

खाली जाताना लिफ्ट भरलेली होती. दोन विद्यार्थिनी, बाटल्यांचा ट्रे छातीशी धरलेला एक तंत्रज्ञ, एक उंच प्राध्यापक, आणि हे तिघं. सगळे जण वर पेटणाऱ्या आकड्यांकडे बघत होते. तपासनीस दाराजवळ, बटणांच्या शेजारी उभे होते.

“या लिफ्टमध्ये भूत नाही ना?” वहिनी म्हणाल्या.

लेकीने दचकून आईकडे पाहिलं.

“नाही, आमच्या ह्यांना एकदा भुताची लिफ्ट तपासायला बोलावलं होतं, म्हणून विचारते. मोठं ऑफिस होतं. रोज दुपारी लिफ्ट आपली आपण सहाव्या मजल्यावर जायची, दार उघडायचं, आणि बघावं तर आतही कुणी नाही, बाहेरही कुणी नाही.”

“सातव्या,” तपासनीस म्हणाले. ते समोरच बघत होते.

वहिनी क्षणभर अडखळल्या. “सातव्या. तर लोक इतके घाबरले, इतके घाबरले, की सगळे जिन्यानं जायला लागले. महिन्याभरात अख्ख्या ऑफिसची पोटं आत गेली.”

एक विद्यार्थिनी फसकन हसली. प्राध्यापकांनी आपलं पोट नकळत आत घेतलं.

“मग हे गेले. दुपारी त्या मजल्यावर कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. जेवणं उरकली. सगळीकडे सामसूम. आणि एवढ्यात...”

तळमजला आला. दार उघडलं. आतलं कुणीच हललं नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने आत यायला पाय उचलला, तसा तपासनिसांनी दार उघडं ठेवायचं बटण अंगठ्याने दाबलं. अंगठा थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

“पुढची घ्या,” ते बाहेरच्या माणसाला म्हणाले.

मग वहिनींनी सातव्या मजल्याचे साहेब सांगितले. पोटभर जेवून, भिंतीला टेकून, उभ्या उभ्या डुलकी काढणारे. त्यांच्या खांद्याखाली दबलेलं बटण सांगितलं. लिफ्टचं दार उघडलं की येणाऱ्या वाऱ्याने साहेबांना आणखी गाढ झोप कशी लागायची तेही सांगितलं. ट्रेमधल्या बाटल्या किणकिणू लागल्या. बाहेरचा माणूस दारात डोकं घालून ऐकत होता. हसत हसत एकेक जण बाहेर पडला, आणि सगळ्यात शेवटी तपासनिसांनी बटणावरचा अंगठा काढला.

वहिनी विद्यार्थिनींशी बोलत पुढे गेल्या. लेक वडिलांच्या बरोबरीने चालू लागली.

“बाबा, ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितलीच नाहीत.”

“मीही आत्ताच ऐकली,” तपासनीस म्हणाले.

लेक जागच्या जागी थांबली. “अहो, पण तुम्ही तर सहावा नाही, सातवा म्हणालात.”

तपासनिसांनी थोडा विचार केला.

“गोष्टीत सातवा बरा दिसतो,” ते म्हणाले.